वार्ताहराची साक्ष : वेब मिलर आणि धारासना



कोल्हापूरहून निघून आंबोलीचा घाट उतरले आणि सावंतवाडी मागे टाकली म्हणजे समुद्राच्या काठी, वेंगुर्ले तालुक्यात, शिरोडे नावाचे गाव लागते. माडांसाठी व मिठागरांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. आपल्या शहराशी त्याचे एक नाते आहे, ते पुष्कळांस ठाऊक असेल. कै. वि. स. खांडेकर १९२० साली तेथील शाळेत शिक्षक म्हणून गेले, अठरा वर्षे त्यांनी तेथे मुलांस शिकविले, आणि १९३८ साली ते कोल्हापुरास आले व येथलेच झाले. दुसरे नाते मिठाचे. कोकणातील मीठ बैलगाड्यांतून घाट चढून देशावर येई आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या ताटात पडे. इंग्रज सरकार त्या मिठावर दर मणास, म्हणजे सुमारे ३७ किलोस, सव्वा रुपया कर घेत असे.

मे १९३० मध्ये ह्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. स्वयंसेवकांनी मीठ उचलले, लाठ्या खाल्ल्या आणि ते तुरुंगात गेले. त्याच महिन्यात गुजरातेत धारासना येथेही असाच सत्याग्रह झाला. आज इंग्लंड-अमेरिकेत ज्यांनी हिंदी स्वातंत्र्यलढ्याचा थोडासा अभ्यास केला आहे, त्यांस धारासना हे नाव बहुधा ठाऊक असते. शिरोडे हे नाव मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकातही वडाळा, मालवण ह्यांच्या जोडीस एका शब्दापुरते येते आणि परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' ह्या प्रश्नात संपते.

असे का व्हावे? धारासनाची निवड खुद्द गांधीजींनी केली होती, तेथील स्वयंसेवकांची संख्या मोठी होती, ही कारणे खरीच आहेत. परंतु आणखी एक कारण आहे, आणि आजच्या पाठाचा विषय तेच आहे. धारासनाच्या मिठागरापाशी त्या दिवशी एक परका मनुष्य हातात पेन्सिल घेऊन उभा होता.

परदेशी वार्ताहर म्हणजे दुसऱ्या देशात राहून किंवा हिंडून तेथील घडामोडी आपल्या वृत्तपत्रास कळविणारा मनुष्य. हा धंदा आपल्याकडे अगदीच अपरिचित होता असे नाही. पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीस राहून बादशाही दरबारातील बारीकसारीक हालचाली पुण्यास लिहून धाडीत; पण ती पत्रे धन्यासाठी असत, लोकांसाठी नव्हेत. लोकांसाठी बातमी धाडणारा वार्ताहर हा छापखाना व तारायंत्र ह्या दोहोंच्या संयोगातून जन्मास आला. एकेका वृत्तपत्रास दूरदेशी माणूस ठेवणे परवडेना, तेव्हा वृत्तसंस्था निघाल्या. संस्थेचा एकच मनुष्य बातमी धाडतो आणि ती शेकडो पत्रे विकत घेऊन छापतात. रॉयटर ही १८५१ सालची. अमेरिकेत १९०७ साली युनायटेड प्रेस नावाची संस्था निघाली. आपला हा पेन्सिलवाला मनुष्य तिचाच नोकर होता. त्याचे नाव वेब मिलर.

मिलरचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील मिशिगन प्रांतात एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. प्रथम शिकागो शहरात वृत्तपत्राची उमेदवारी, १९१६ साली मेक्सिकोच्या सरहद्दीवर जनरल पर्शिंगच्या फौजेमागे, पुढील वर्षी महायुद्धासाठी युरोपात, असा त्याचा प्रवास झाला. युरोपातच तो पुढे राहिला. लढाया, तह, परिषदा, फाशीचे प्रसंग, सारे त्याने पाहिले. धारासनास आला तेव्हा त्याच्या पाठीशी अठरा वर्षांचा अनुभव आणि बावीस देशांतील बातमीदारी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण रक्त पाहून घाबरून जाणारा हा नवशिका नव्हता.

आता १९३० सालाकडे वळू. एप्रिलमध्ये दांडीस मीठ उचलल्यानंतर गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून धारासनाच्या सरकारी मिठागरावर जाण्याचा आपला मनोदय कळविला. ५ मे रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, कराडी येथे त्यांस पकडून येरवड्याच्या तुरुंगात आणण्यात आले. त्यांच्या जागी शहात्तर वर्षांचे अब्बास तय्यबजी पुढे झाले, त्यांनाही पकडले. मग नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे आले. इकडे २७ एप्रिलपासून वृत्तपत्रांवर नवा वटहुकूम लागू झाला होता. सरकारला न रुचणारे छापले तर जामीन भरा, जामीन जप्त झाला तर छापखाना गमवा, अशी स्थिती होती, आणि कित्येक पत्रांनी छपाईच बंद केली. मे महिन्यात सोलापुरास लष्करी कायदा पुकारला गेला. म्हणजे जे घडत होते ते लिहिण्यास देशी संपादकांचे हात बांधलेले होते. शिरोड्याची हकीकत दूरवर का गेली नाही ह्याचे उत्तर पुष्कळसे येथेच सापडते.

परक्या देशाच्या वार्ताहरास हा वटहुकूम तितकासा बाधत नव्हता. त्याचे पत्र येथे छापले जाणारच नव्हते! मात्र त्याला तारेवाचून गती नव्हती, आणि तारखाते सरकारचे होते.

धारासना मुंबईच्या उत्तरेस सुमारे दीडशे मैलांवर आहे. मिलर आगगाडीने डुंगरी स्टेशनावर उतरला आणि तेथून कित्येक मैल शेतांतून पायी चालत मुक्कामावर पोचला. तारीख २१ मे. ऐन वैशाखातील ऊन. सुमारे २५०० स्वयंसेवक जमले होते. मिठागराभोवती चर खणलेले व काटेरी तार लावलेली. समोर सुमारे चारशे सुरती पोलिस, हातांत पोलादाने मढविलेल्या लाठ्या, वर हुकूम करावयास सहा गोरे अंमलदार, आणि एका उंचवट्यावर बंदुका घेतलेले पंचवीस शिपाई. सरोजिनीबाईंनी स्वयंसेवकांस बजावले की घाव चुकविण्यासाठीसुद्धा हात वर करावयाचा नाही. गांधीजींचे चिरंजीव मणिलाल पुढच्या रांगेत होते.

पुढे जे झाले त्याचे वर्णन मी मिलरच्या शब्दांत देत नाही. सार एवढेच की एक रांग पुढे जाई, लाठ्या बसत, माणसे कोसळत, मागची रांग त्यांस ओलांडून तशीच पुढे येई. घोषणा थांबल्या, धावपळ थांबली, तरी चालणे थांबले नाही. आणि एकानेही आपले डोके वाचविण्यासाठी हात उचलला नाही.

येथे मिलरची कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. 'असंख्य लोक जखमी झाले' असे लिहून तो मोकळा होऊ शकला असता. तसे त्याने केले नाही. एका क्षणी किती जखमींना झोळ्यांतून नेत आहेत हे त्याने मोजले : अठरा. त्याच क्षणी किती जण रक्तबंबाळ स्थितीत झोळीची वाट पाहत जमिनीवर पडून आहेत तेही मोजले : बेचाळीस. दुपारी तो स्वयंसेवकांच्या तात्पुरत्या इस्पितळात गेला आणि तेथेही त्याने मोजणी केली. जखमी तीनशे वीस. त्यांतील पुष्कळ अजून बेशुद्ध. मृत दोन.

दुसरी गोष्ट ह्याहूनही मोलाची वाटते. त्याने पोलिसांना राक्षस म्हणून रंगविले नाही. लाठी चालविणाऱ्या शिपायांपैकी बरेच जण नाखुशीने मारीत होते, गोरा अंमलदार दुसऱ्या बाजूस गेला की त्यांचे हात सैल पडत आणि तो परत आला की पुन्हा जोरात चालत, हेही त्याने पाहिले व नोंदविले. सत्याग्रहींच्या बाजूने मन पूर्ण हेलावलेले असताना समोरच्या माणसाच्या मनातील खळबळ टिपणे हे सोपे काम नव्हे. ह्या एका नोंदीमुळे त्याच्या इतर सर्व नोंदींवर विश्वास बसतो.

ह्याच ठिकाणी मला माझी एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात धारासनाचा प्रसंग सांगताना भरात येऊन मी म्हणालो, "शेकडो वीर त्या दिवशी प्राणास मुकले." दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरील एक मुलगा, जो एरवी गृहपाठही वेळेवर देत नसे, उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी शोधून पाहिलं. दोन जण गेले." वर्ग हसला. मला आधी राग आला, आणि तो राग आल्याची लाज नंतर वाटली. माझ्या 'शेकडो' ह्या शब्दाने त्या दोघांचा मान वाढला नव्हता; उलट आकडा खोटा ठरताच वर्गास सारा प्रसंगच अतिशयोक्त वाटू लागला. त्या मुलाचे मी सर्वांसमक्ष आभार मानले. तो आता शाळा सोडून गेला आहे.

पुन्हा मिलरकडे. बातमी पाहणे हा अर्धा धंदा. ती पोचविणे हा उरलेला अर्धा. त्या काळी परदेशी तारेचा आकार शब्दागणिक असे, म्हणून वार्ताहर दोन-तीन शब्दांचा एक शब्द करून, क्रियापदे गाळून, चमत्कारिक त्रोटक भाषेत मजकूर धाडीत, आणि पलीकडच्या कचेरीतील उपसंपादक त्याचा विस्तार करून नीट वाक्ये बनवीत. मिलरने आपला मजकूर तारेवर दिला. परंतु तो हिंदुस्थानाबाहेर गेलाच नाही. तारखात्याने तो अडविला. ही अडवणूक आपण जगास उघड करून सांगू अशी त्याने धमकी दिली, तेव्हा कोठे त्याची बातमी पुढे सरकली.

ती सरकली आणि मग मात्र थांबली नाही. युनायटेड प्रेसमार्फत जगातील १३५० वृत्तपत्रांत ती आली. अमेरिकेच्या सिनेटमध्ये जॉन ब्लेन ह्या सभासदाने ती सभागृहाच्या अधिकृत कामकाजात दाखल करविली. हिंदुस्थानातील कारभार लोकांच्या संमतीने व कल्याणासाठी चालला आहे, असे जे चित्र इंग्रज मुत्सद्दी अमेरिकेत रंगवीत, त्यास पहिला मोठा तडा ह्या बातमीने गेला असे मला वाटते. १९८२ सालच्या 'गांधी' ह्या चित्रपटात मिठागरावरचा तो प्रसंग आणि दूरध्वनीवरून बातमी सांगणारा अमेरिकन बातमीदार पालकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. पडद्यावर त्याचे नाव वॉकर आहे. मूळ मनुष्य मिलर. दूरध्वनी मात्र चित्रपटकर्त्यांचा. खऱ्या मिलरला तारखात्याशी झगडावे लागले, हे दाखविले असते तर प्रसंग अधिक रंगला असता.

ह्या वर्षी मी हा पाठ नववीच्या वर्गात घेतला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, समोर माणसं मार खात होती आणि हा उभा राहून आकडे लिहीत होता. त्यानं एखाद्याचा तरी हात का धरला नाही?"

मी चटकन उत्तर दिले की, हात धरला असता तर एक घाव क्षणभर लांबला असता, मिलरला पकडून नेले असते, आणि अठरा, बेचाळीस, तीनशे वीस हे आकडे कोणासही कळले नसते. हिशेब बरोबर आहे. पण मुलीचे समाधान झाले नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. खुद्द मिलरचेही झाले नसावे. निमूटपणे मार खाणाऱ्या माणसांकडे पाहताना आपल्या मनात असहाय संताप दाटला, कधी कधी तर ते दृश्य न सोसून तोंड फिरवावे लागले, असे त्याने पुढे आपल्या १९३६ सालच्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'मला कोठे शांती आढळली नाही' असा आहे. अशा वेळी वार्ताहराने झोळी उचलावी की टिपणवही धरावी, हा प्रश्न त्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकास स्वतःपुरता सोडवावा लागतो. फळ्यावर त्याचे उत्तर लिहून देता येत नाही.

प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले म्हणजे लिहिलेले खरेच असते, असेही समजू नये. मिलरच्याच देशातील कॅथरिन मेयो ह्या बाई त्याच्या काही वर्षे आधी हिंदुस्थानात हिंडून गेल्या आणि १९२७ साली त्यांनी 'मदर इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी इस्पितळे पाहिली, बालविवाहाचे दुष्परिणाम पाहिले. त्यांतले पुष्कळ खरे होते आणि ते आपण मान्य केले पाहिजे. परंतु हा देश स्वराज्यास नालायक आहे असा निष्कर्ष आधी खिशात घालून त्यास पुरावे जमवावे, तशी त्या पुस्तकाची रचना आहे. गांधीजींनी त्याला गटारे तपासणाऱ्याच्या अहवालाची उपमा दिली. दोघेही अमेरिकन, दोघेही परके, दोघांनीही देश पाहिला. फरक पडला तो पाहण्याच्या रीतीत.

आपल्याकडील वृत्तपत्रांनीही हे धडे लवकरच घेतले. डॉ. ना. भि. परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १९३२ सालच्या पहिल्या दिवशी त्यांनी पुण्यास 'सकाळ' सुरू केला. लांबलचक अग्रलेखांपेक्षा ताज्या बातमीस मान देणे आणि गावोगावच्या बातमीदारांकडून ती मिळविणे, ही त्यांची दृष्टी होती. शिरोड्याचा सत्याग्रह दोन-तीन वर्षे उशिरा झाला असता तर, असा विचार कधी कधी मनात येतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा मी मुलांस पुराची बातमी लिहावयास सांगितली. बहुतेकांनी 'पंचगंगेने रौद्र रूप धारण केले' येथून आरंभ करून 'निसर्गापुढे मानव हतबल आहे' येथे शेवट केला. एकाने मात्र लिहिले की, त्यांच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा राजाराम बंधाऱ्यापाशी नदी त्रेचाळीस फुटांच्या धोक्याच्या रेषेवर होती असे रेडिओवर सांगत होते. गल्लीतली सात घरे रिकामी झाली. सहा घरांतली माणसे शाळेच्या इमारतीत आली, आणि सातव्या घरातल्या आजी म्हशीस सोडून येईनात म्हणून त्यांचा नातू त्यांच्याजवळ राहिला. व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्याला वर्गात सर्वांहून अधिक गुण दिले, त्यावर एका पालकांची तक्रारही आली.

मिलरची उरलेली हकीकत थोडक्यात सांगतो. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा मिलर त्यांना भेटला. त्याला थोरो ह्या अमेरिकन ग्रंथकाराचे फार वेड होते. म्हणून त्याने गांधीजींस विचारले की, आपण थोरो वाचला आहे काय? गांधीजींनी सांगितले की जोहान्सबर्ग येथे १९०६ साली आपण तो वाचला आणि त्याच्या विचारांचा आपल्यावर मोठा परिणाम झाला. मिलरच्याच देशातल्या एका लेखकाचा विचार आफ्रिकेवरून हिंदुस्थानात आला, आणि त्या विचाराने चालणारी माणसे मिलरने धारासनास पाहिली होती. त्यानंतर १९३५ साली इटलीने अबिसीनियावर स्वारी केली तेव्हा तो तेथे होता, स्पेनच्या यादवीत होता, फिनलंडच्या हिमात होता. मे १९४० मध्ये, लंडनमध्ये युद्धामुळे सर्वत्र अंधार पाळला जात असता, क्लॅपहॅम जंक्शनजवळ आगगाडीतून पडून त्याचा अंत झाला. इतकी युद्धे पाहून वाचलेला हा मनुष्य घरी जाण्याच्या नेहमीच्या वाटेवर गेला.

आता एक काम. वेंगुर्ले-सावंतवाडीकडचे विद्यार्थी आपल्या शाळेत दरवर्षी असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक कोरी वही बरोबर न्यावी. १९३० साल पाहिलेले मनुष्य आता भेटणे कठीण; परंतु त्यांची मुले, सुना, नातवंडे घरोघर आहेत. शिरोड्यास मिठागरावर कोण गेले, कोणाच्या घरचे गेले, किती दिवस तुरुंगात राहिले, ते विचारावे. ऐकलेले एका पानावर आणि ते कोणाकडून ऐकले ते समोरच्या पानावर लिहावे. सांगणाऱ्यास आकडा नक्की आठवत नसेल तर तसेच लिहावे, आपल्या पदरचा घालू नये. पालकांनी ह्या कामी मुलांस मदत करावी, पण वही मुलांनीच लिहावी. जून महिन्यात शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्या वह्या मागणार आहे.